दिल्लीचा नेता, रामबागेचा फळा

गणेशोत्सवाच्या फळ्यासाठी, दिवाळीच्या हस्तलिखितासाठी किंवा रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीत, मिरवायच्या फलकासाठी "यंदा मोठ्या नेत्यावर काहीतरी खुसखुशीत करू" असं मंडळाच्या बैठकीत ठरतं. मग चित्र बरं काढणारा कुणीतरी गाठला जातो. तो मोबाइलवर नेत्याचा फोटो उघडतो आणि त्यावरून मोठं नाक, मोठे कान काढायला बसतो. तिथेच काम बिघडतं. इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्य नगरात राहणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या नेत्याला फार तर एखाद्या सभेत, शंभर पावलांवरून पाहिलेलं असतं. ओळखीची असते ती त्याची प्रतिमा: होर्डिंगवरची, टीव्हीवरची, भाषणातली, फॉरवर्डमधली. ती त्याने आणि त्याच्या माणसांनी वर्षानुवर्षं एकेक वस्तू निवडून उभी केलेली असते. व्यंगचित्र काढायचं ते त्या प्रतिमेवर. नाकाची पाळी बरीच नंतर येते.

आधी पंचनामा

फुलस्केप कागद आडवा धरा आणि पाच रकाने आखा: पेहराव, हावभाव, बोली, मंच, दावा. प्रत्येक रकान्यात निदान चार नोंदी झाल्याशिवाय पेन्सिल उचलू नका. पहिले दोन रकाने पटकन भरतात, कारण व्यंगचित्रकारांनी ते आधीच भरून ठेवलेले आहेत. नेहरूंचा गुलाब आणि पांढरी टोपी. (आर. के. लक्ष्मण यांनी ती टोपी उतरवून टक्कल काढलं आणि तरी नेहरू ओळखू आले, ही उस्तादी.) इंदिरा गांधींचं नाक आणि केसांतला पांढरा पट्टा. नरसिंह रावांचे पुढे काढलेले ओठ. वाजपेयींचे मिटलेले डोळे. मनमोहन सिंगांची निळी पगडी. नरेंद्र मोदींची दाढी, चष्मा, अर्ध्या बाह्यांचा कुर्ता आणि वर जाकीट. राहुल गांधींचा पांढरा टी-शर्ट.

प्रत्येक नोंदीसमोर साल लिहा. प्रतिमा बदलत असते आणि जुनी खूण वापरली की वाचक चित्र जुन्या घटनेशी जोडतो. मोदींची दाढी 2020-21 च्या सुमारास छातीकडे निघाली होती, पुढे ती पुन्हा आखूड झाली. राहुल गांधींची दाढी 7 सप्टेंबर 2022 ला कन्याकुमारीहून निघालेल्या भारत जोडो यात्रेत वाढत गेली आणि 30 जानेवारी 2023 ला श्रीनगरमध्ये यात्रा संपली तेव्हा भरघोस होती. आज लांब दाढीचे मोदी काढलेत तर वाचक करोनाचा काळ आठवेल आणि तुमचा विषय पेट्रोलचा असेल तर गोंधळेल.

बोलीच्या रकान्यात शब्द जसेच्या तसे लिहा, मराठी करू नका. मंचाच्या रकान्यात नेता कुठे उभा राहतो, शेजारी कोण असतं आणि कोण कधीच नसतं, कॅमेरा खालून असतो की समोरून, हे सगळं येतं. 2012 च्या गुजरात निवडणुकीत मोदींची त्रिमितीय प्रतिमा एकाच वेळी अनेक सभांत उभी केली गेली. 3 ऑक्टोबर 2014 पासून ‘मन की बात’ सुरू झाली, ज्यात नेता दिसत नाही, फक्त ऐकू येतो. एकीकडे शरीर नसताना दिसणं आणि दुसरीकडे न दिसता घरात असणं. व्यंगचित्रकाराला याहून जास्त काय हवं?

पाचवा रकाना सर्वांत अवघड आणि खरं पीक तिथेच येतं. नेता आपल्याबद्दल तुम्हाला काय मानायला लावतो? साधा, फकीर, कष्टाळू, घरचा माणूस, रक्षक, विद्वान, निर्भय? एक किंवा दोन शब्दांत लिहा. आता वरच्या चार रकान्यांतलं काय या दाव्याशी घासतं, ते शोधा. जानेवारी 2015 मध्ये स्वतःचं नाव विणलेला सूट मोदींच्या अंगावर आला आणि आठवडाभर देशातल्या व्यंगचित्रकारांना वेगळी कल्पना लढवावी लागली नाही, कारण दाव्याच्या रकान्यात ‘चहावाला’ होता आणि पेहरावाच्या रकान्यात तो सूट. पुढच्याच महिन्यात सुरतला त्याचा लिलाव 4.31 कोटी रुपयांना झाला आणि विनोदाला आकडाही मिळाला. यात्रेतल्या राहुल गांधींच्या टी-शर्टच्या किमतीवर विरोधक तुटून पडले, तेही याच कारणाने. दावा साधेपणाचा होता. उंची कपड्यांचा शौक उघडपणे मिरवणाऱ्या एखाद्या नेत्यावर हाच विनोद केला असता तर कुणी हसलं नसतं.

फोटो, आणि कुठले टाळायचे

पंचवीस ते तीस फोटो जमवा. समोरून दहा, दोन्ही बाजूंनी पाच-पाच, बाकी चालताना, हसताना, कंटाळलेले. कंटाळलेले फोटो सोन्याच्या मोलाचे. संसदेच्या प्रक्षेपणात नेता दुसऱ्याचं भाषण ऐकत असतो तेव्हा तो थांबवून पाहा. चेहऱ्याचे खरे स्नायू तिथे दिसतात. प्रचाराच्या पोस्टरवरचे फोटो घेऊ नका, त्यांतल्या सुरकुत्या पुसलेल्या असतात. सेल्फीही नको. फोन हातभर अंतरावर असला की नाक फुगतं आणि कान मागे जातात. ती अतिशयोक्ती भिंगाची असते, चेहऱ्याची नव्हे, आणि चित्र दुसऱ्याच कुणासारखं होतं.

एकाच फोटोवरून काढू नका. एक तर ते फोटोग्राफरचं काम उचलणं झालं. दुसरं, एका फोटोवरून व्यक्तिचित्र होतं, अर्कचित्र (कॅरिकेचर) होत नाही. अर्क निघायला बऱ्याच फुलांचा रस लागतो.

चेहरा

सर्वसाधारण चेहऱ्याचं माप डोक्यात पक्कं हवं. कवटीच्या वरच्या टोकापासून हनुवटीपर्यंतच्या बरोबर मध्यावर डोळे. केसांची रेघ ते भुवई, भुवई ते नाकाचं टोक, नाकाचं टोक ते हनुवटी हे तीन भाग जवळपास सारखे. चेहऱ्याची रुंदी पाच डोळ्यांएवढी. आता नेत्याचा चेहरा या मापाशी ताडून पाहा आणि कुठे फरक पडतो तेवढंच टिपा: कपाळ तिसऱ्या भागापेक्षा मोठं आहे का, वरचा ओठ लांब आहे का, डोळे जवळ आहेत का.

फरक पाच-सहा सापडतील. त्यांतले दोनच घ्या. एक वाढवा, दीडपट ते दुप्पट. दुसरा त्याच्या विरुद्ध दिशेने आकसवा: कपाळ वाढवलं तर हनुवटी लहान, दाढी वाढवली तर डोळे बारीक. नवशिके इथेच हमखास चुकतात. ते नाक, कान, ओठ, दात सगळंच वाढवतात, म्हणजे प्रमाण तेच राहतं आणि चेहरा नुसताच मोठा होतो. मग ओळखू येत नाही म्हणून जाकिटावर नेत्याचं नाव लिहितात. नाव लिहावं लागलं की चित्र पुन्हा काढा.

प्रत्येकी तीस सेकंद, अशी वीस डोकी काढा. रुपयाच्या नाण्याएवढी, खोडरबर न वापरता. पहिली आठ-दहा फोटोसारखी येतात, बारावीच्या पुढे हात मोकळा होतो. त्यांतली दोन निवडा, ट्रेसिंग करून आतून पूर्ण काळी भरा आणि घरातल्या कुणाला तरी दोन मीटरवरून दाखवा. नुसत्या सावलीवरून नाव निघालं तर पुढे जा. न निघाल्यास डोकं आणि खांदे यांचं नातं तपासा. बहुतेक वेळा चूक चेहऱ्यात नसून मानेत असते. प्रत्येक माणूस मान वेगळी धरतो. इंदूरला रेखाटनाची परंपरा जुनी आहे, देवळालीकरांच्या कलाशाळेत चित्रकार बेंद्रे आणि हुसेन शिकले. बैठक, मान, खांदा आधी आणि नाक-डोळे मागून, ही शिस्त अर्कचित्रालाही लागू पडते.

नेत्याला चिन्हात बदलण्याचा एक जुना धडा पॅरिसचा आहे. 1831 मध्ये राजा लुई फिलिपच्या चित्रावरून व्यंगचित्रांचं नियतकालिक चालवणाऱ्या शार्ल फिलिपाँवर खटला चालला. त्याने न्यायालयात चार टप्प्यांचं चित्र मांडलं: पहिल्यात राजाचं डोकं, चौथ्यात सरळ नासपती, मधले दोन टप्पे असे की कुठल्या क्षणी राजा संपून फळ सुरू झालं ते सांगता येऊ नये. शिक्षा झाली ती झालीच, पण त्यानंतर पॅरिसच्या भिंतींवर नुसती नासपती काढली तरी राजा दिसू लागला. तुमच्याही वहीत हे चार टप्पे काढून पाहा: नेत्याचं डोकं ते एखादी रोजची वस्तू. वस्तू आकारानेही जुळली पाहिजे आणि दाव्याच्या रकान्याशीही. नुसता आकार जुळला तर तो शाळकरी विनोद होतो.

कल्पना

कल्पना सुचत नाही ही तक्रार असते तेव्हा सहसा विषय फार मोठा घेतलेला असतो. ‘महागाई’, ‘भ्रष्टाचार’, ‘लोकशाही’ यांवर चित्र निघत नाही. ‘या आठवड्यात डाळ’ यावर निघतं. राष्ट्रीय नेत्याला दिल्लीतच ठेवायची गरज नाही. त्याची प्रतिमा इंदुरात कुठे कुठे पोचते ते पाहा. होर्डिंगवर, रेशनच्या पिशवीवर, लसीच्या प्रमाणपत्रावर, पेट्रोल पंपावर. करोनाच्या लसीच्या प्रमाणपत्रावर पंतप्रधानांचा फोटो होता. तो कागद लाखो घरांत आधार कार्डाच्या शेजारी ठेवलेला आहे. प्रतिमा आणि घर यांची जिथे गाठ पडते, तिथे कल्पना असते.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. निवडणूक संपते, होर्डिंगचा फ्लेक्स उतरतो आणि पावसाळ्यात तो पोह्यांच्या गाड्यावर किंवा गळक्या पत्र्यावर अंथरला जातो. हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. चित्र असं: गाड्यावर फ्लेक्स ताणलेला, त्यावर नेत्याचा हसरा चेहरा, पण छपराचा कणा मधोमध गेल्याने चेहरा दुमडलेला, अर्धं हसू या बाजूला लोंबतंय, एक डोळा पलीकडे. खाली गाडेवाला पोह्यांवर शेव आणि जिरावण मसाला घालतोय, दोन गिऱ्हाइकं डोकं आत घेऊन उभी. इथे चेहऱ्याचा अर्धाच भाग दिसणार आहे, म्हणून दोन फरकांतला एक तरी दिसणाऱ्या बाजूला यायला हवा. नेता चित्रात प्रत्यक्ष नाही. त्याची प्रतिमा आहे आणि ती भिजते आहे.

याच कारणाने व्यंगचित्रकार अबू अब्राहम यांचं 10 डिसेंबर 1975 चं चित्र अजून टिकून आहे. आणीबाणीत राष्ट्रपती बाथटबमध्ये बसून अध्यादेशावर सही करून कागद दाराबाहेर देतात आणि आणखी असतील तर जरा थांबायला सांगतात. एक टब, एक हात, एक कागद. पदाचा सगळा दिमाख आंघोळीत उतरवला आणि चेहऱ्याची फार मोडतोडही करावी लागली नाही.

कल्पना पक्की करण्याआधी दोन चाळण्या लावा. पहिली: चित्र नेत्याच्या निर्णयावर, वागण्यावर, दाव्यावर आहे का? आजार, जात, रंग, बायकोमुलं यांवर असेल तर फाडा. हसू येईल, पण ते नेत्यावरचं नसेल. दुसरी चाळणी उलट्या बाजूची: हे चित्र नेत्याच्या कार्यालयाने कौतुकाने फ्रेम करून लावलं असतं का? ‘अथक काम करणारे साहेब, घड्याळही दमलं’ अशा धर्तीचं व्यंग म्हणजे जाहिरात. नेहरूंनी व्यंगचित्रकार शंकर यांना ‘मलाही सोडू नका’ असं सांगितलं, हे सगळ्यांना माहीत आहे. शंकर यांनी खरोखर सोडलं नाही म्हणून त्या सांगण्याला किंमत आली. 1948 साली सुरू झालेलं त्यांचं साप्ताहिक ‘शंकर्स वीकली’ 1975 मध्ये बंद झालं. मराठीत तर व्यंगचित्रकारच नेता होण्याचा प्रकार घडला: 13 ऑगस्ट 1960 ला ‘मार्मिक’ काढणारे बाळासाहेब ठाकरे पुढे स्वतःच इतरांच्या ब्रशाखाली आले. चष्मा, शाल, रुद्राक्षाची माळ. पंचनाम्याचा सराव करायला हा नमुना उत्तम, कारण आपली प्रतिमा कशी काढली जाईल ते या माणसाला आतून ठाऊक होतं.

स्वच्छतेच्या पहिल्या नंबरावरचे विनोद इंदुरात 2017 पासून इतके झाले आहेत की त्यांचाच कचरा गाडीत टाकावा लागेल. नवं काही असेल तरच हात लावा.

ओळ

फ्लेक्सच्या चित्राखाली काय लिहाल? पहिला मसुदा असा येतो: ‘नेत्यांची आश्वासनं निवडणुकीनंतर अशी पाण्यात जातात.’ हा अग्रलेख झाला. दुसरा: ‘साहेबांच्या फ्लेक्सचा आम्हाला पावसात चांगला उपयोग होतो.’ हे चित्रात दिसतंच आहे, पुन्हा कशाला सांगायचं? तिसरा, गाडेवाल्याच्या तोंडी: ‘पाऊस आला की साहेबच कामाला येतात.’ इथे थांबा. ओळ वरवर स्तुतीची आहे आणि चित्र तिला खोटं पाडतं. चित्र आणि ओळ एकच गोष्ट सांगत असतील तर दोघांतलं एक काढून टाका.

बारा शब्दांच्या वर जाऊ नका. मराठीची एक अडचण लक्षात घ्या: क्रियापद शेवटी येतं आणि टोला देणारा शब्द मधे अडकतो. ‘हा पूल साहेबांना नमस्कार करण्यासाठी वाकला आहे असं अधिकारी म्हणत आहेत’ यात ‘नमस्कार’ वाक्याच्या पोटात गुदमरतो. तोडा: ‘पूल पडलेला नाही. साहेबांना वाकून नमस्कार!’ क्रियापद गेलं, टोला शेवटी आला.

भाषेचा प्रश्न इंदुरात जास्त टोकदार आहे, कारण फळ्यापुढे मराठी आजी आणि तिच्या नातवाचा हिंदी मित्र शेजारीशेजारी उभे असतात. नेत्याचे शब्द हिंदीतच ठेवा. ‘अच्छे दिन’चं ‘चांगले दिवस’ केलं की घोषणा मरते आणि तिच्यासोबत विनोदही. सामान्य माणूस मात्र मराठीत बोलू द्या, हवं तर इंदुरी मराठीत, ज्यात एखादा ‘भिया’ (भाऊ) सहज येतो. म्हणीवर चित्र बेतायचं असेल तर ती दोन्ही भाषांत आहे का ते तपासा. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ दोघांना कळते, ‘आयजीच्या जिवावर बायजी उदार’ पोरांना समजावून सांगावी लागते. समजावलेला विनोद म्हणजे गार पोहे.

संवाद असेल तर आधी बोलणारा डावीकडे. नेत्याला कमी बोलू द्या. बघणाऱ्याने बोललेलं जास्त लागतं. दोनच्या वर फुगे नकोत.

कागद, शाई, फळा

छापायचं किंवा फळ्यावर लावायचं असो, मूळ चित्र दीडपट मोठं काढा. लहान करताना हाताची थरथर विरते. A3 आकाराचा 200 जीएसएमचा गुळगुळीत कागद, HB पेन्सिल हलक्या हाताने, जी निबचा टाक, 2 किंवा 3 नंबरचा गोल ब्रश आणि वॉटरप्रूफ काळी शाई, एवढं पुरतं. नव्या निबवर तेलाचा पातळ थर असतो, त्यामुळे शाई थेंबाथेंबाने जमते. निब गरम पाण्यात बुडवून फडक्याने पुसली की रेघ सरळ उतरते. बाहेरच्या रेघा जाड, साधारण एक मिलिमीटर. आतल्या त्याच्या निम्म्याहून बारीक. पूर्ण काळा भराव चित्राच्या पाव ते एक तृतीयांश भागात आणि तो शक्यतो जिथे नजर जायला हवी त्याच्या शेजारी. फ्लेक्सच्या चित्रात काळं गाड्याच्या आतलं अंधारं पोट, म्हणजे वरचा पांढरा चेहरा उठतो.

गणेशोत्सव भाद्रपदातला. हवा दमट, कागद ओल धरतो आणि शाईला मिशा फुटतात. कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, काढायच्या आधी कोपऱ्यात एक रेघ ओढून पाहा. शाई वरून कोरडी दिसली तरी अर्धा तास खोडरबर लावू नका. बहुतेक चित्रं शेवटच्या दहा मिनिटांत, घाईच्या खोडण्याने काळवंडतात. चूक झाली तर पांढऱ्या पोस्टर रंगाचा दाट हात द्या आणि तो वाळल्यावरच त्यावर टाक चालवा.

फळा लोक दीड-दोन मीटरवरून वाचतात. त्या अंतराला अक्षराची उंची निदान 15 मिलिमीटर हवी, कारण देवनागरीत वर वेलांटी आणि खाली उकार लागतो आणि मधलं अक्षर लहान दिसतं. दोन ओळींत अंतर जास्त ठेवा. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसला की ‘साहेबांना’चं काहीही वाचता येतं. चित्राचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर.

हस्तलिखितासाठी किंवा छपाईसाठी नुसत्या रेघेचं चित्र 600 डीपीआयवर स्कॅन करा, करड्या छटा असतील तर 300 वर भागतं. स्कॅनर नसेल तर दुपारी खिडकीशेजारी, थेट ऊन टाळून, फोन कागदाला समांतर धरून थोडा लांबून आणि झूम करून फोटो घ्या. जवळून घेतला की कागदाच्या कडा वाकतात. व्हॉट्सअपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर बारीक रेघा चिखल होऊन पोचतात. फोनवर टाकायचं चित्र 1080 बाय 1350 पिक्सेल उभं ठेवा आणि ओळ चित्राच्या आतच घ्या.

सही आणि तारीखही आतच, कोपऱ्यात नव्हे. का, ते पुढे येतं.

नक्कल करायची असेल तर

रंगपंचमीच्या आदल्या रात्री बजरबट्टू संमेलनात खुद्द नेतेमंडळी सोंगं घेऊन मिरवतात, त्यामुळे इंदूरच्या प्रेक्षकाला नेत्याचं सोंग नवं नाही. सानंद या सांस्कृतिक संस्थेच्या किंवा शाळेच्या मंचावर नक्कल करायची तर तोच पाच रकान्यांचा कागद वापरा, फक्त ‘बोली’ फोडून लिहा: सुरुवातीची हाक, वाक्याचा वेग, थांबा, हात कधी उठतो. वाजपेयींची नक्कल करणारे आवाज जमवतात आणि थांबा सोडून देतात. ग्वाल्हेरमध्ये जन्मलेल्या त्या नेत्याचा निम्मा वक्तृत्वगुण मौनात होता. डोळे मिटून, मान किंचित हलवत, तीन-चार सेकंद काहीच बोलायचं नाही. मंचावर तीन सेकंद फार लांब वाटतात आणि नवखा घाबरून ते भरून टाकतो. मोजून थांबा. चार मिनिटांवर नक्कल ताणू नका.

कायदा आणि खोडी

राज्यघटनेच्या कलम 19(1)(क) मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात व्यंगचित्रही येतं, 19(2) ची बंधनंही त्याला लागू. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. तिच्यातली 196 (गटागटांत वैर पसरवणं), 299 (धार्मिक भावना दुखावणं), 353 (अफवा आणि सार्वजनिक क्षोभ) आणि 356 (बदनामी) ही कलमं व्यंगचित्राच्या वाटेवर उभी असतात. सार्वजनिक पदावरच्या माणसाच्या सार्वजनिक वागण्याबद्दल सद्भावनेने मत देणं बदनामीच्या अपवादांत येतं, म्हणून चित्र त्या वागण्याला धरून असणं फायद्याचं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66अ हे ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराबद्दलचं कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 ला रद्द केलं आहे. कुणी त्याची भीती घातली तर हे सांगा.

देव, धर्मचिन्हं आणि नेता एका चौकटीत आणू नका. नेत्याच्या अंगावर देवाचा पेहराव हा सर्वांत सोपा विनोद आणि सर्वांत महागात पडणारा. राजमुद्रेचे सिंह, तिरंगा यांनाही हात न लावता चित्र होतं: 2012 साली मुंबईत व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना अटक झाली, त्यात सिंहांच्या जागी लांडगे काढलेलं चित्र होतं. राजद्रोहाचा आरोप पुढे मागे घेतला गेला, पण तोवर तुरुंग पाहून झाला होता. सत्तेचं चिन्ह म्हणून खुर्ची घ्या, फाईल घ्या, माईक घ्या.

इंदूरचंच 2025 चं प्रकरण अभ्यासावं असं आहे. एका व्यंगचित्रकाराने जानेवारी 2021 मध्ये काढलेलं चित्र चार वर्षांनी, मे 2025 मध्ये, दुसऱ्या कुणी आपला शेरा जोडून पुन्हा टाकलं आणि चित्रकाराने ते पुढे शेअर केलं. गुन्हा नोंदला गेला. उच्च न्यायालयाने 3 जुलै 2025 ला अटकपूर्व जामीन नाकारला, सर्वोच्च न्यायालयाने 15 जुलैला अटकेपासून तात्पुरतं संरक्षण दिलं. चित्राबद्दल मत काहीही असो, कामाची गोष्ट ही: दुसऱ्याच्या शेऱ्यासह आलेलं स्वतःचं चित्र पुढे पाठवू नका. तारीख आणि ओळ चित्राच्या आत ठेवायची ती याचसाठी, की कोपरा कापून नवी ओळ चिकटवणाऱ्याला निदान कात्री तरी मोठी लागेल. मूळ कागद आणि स्कॅन, दोन्ही जपून ठेवा.

आचारसंहितेच्या काळात उमेदवाराबद्दलचं पोस्टर छापलंत तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127अ प्रमाणे मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता त्यावर लागतो. हस्तलिखिताची झेरॉक्स काढून वाटली तरी हा नियम आठवावा, हाताने नक्कल केलेली प्रत मात्र त्यात येत नाही. सार्वजनिक भिंतीवर चिकटवणं मध्य प्रदेशात 1994 च्या संपत्ती विरूपण (मालमत्ता विद्रूप करणं) कायद्याखाली गुन्हा आहे. मंडळाचा स्वतःचा फळा, सभागृहाची परवानगी घेतलेली भिंत किंवा गेरमधला हातात धरलेला फलक चालतो. गेरसाठी फलक बनवताना कागदावर पारदर्शक प्लास्टिक दोन्ही बाजूंनी घट्ट चिकटवा आणि काठ टेपने बंद करा. राजवाड्यापाशी पोचेपर्यंत टँकर आणि गुलालाच्या तोफांतून ते वाचायला हवं, आणि नेत्याच्या चेहऱ्यावर कुठला रंग बसेल हे तिथे तुमच्या हातात नसतं.